ओढा कुणाच्या गटातून जातो? नाशिकच्या वेशीवरच्या एका लेआउटचं प्रकरण

नाशिकच्या वेशीवर शेतजमिनीचे प्लॉट पडत असताना मधून जाणाऱ्या ओढ्याचं काय करायचं, यावरून चार जमीनमालक, खालची वस्ती, वरचा विकसक आणि मंजुरी देणारं कार्यालय यांच्यात जे घडलं, त्याची ही नोंद आहे. आखणीच्या कामात मी सल्लागार होतो. गावाचं नाव, गट नंबर आणि माणसांची ओळख दिलेली नाही. क्षेत्राचे आकडे जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत.

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये पूर म्हटलं की डोळ्यांपुढे गोदावरीच येते. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं की छातीपर्यंत, यावर गावात पुराचं माप ठरतं. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर शहर विसरलेलं नाही. पण हा पूर येतो तो त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरातल्या पावसाने आणि गंगापूर धरणाच्या विसर्गाने. त्याची सूचना आधी मिळते, आणि नदीकाठी निळी आणि लाल पूररेषाही आखलेली असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

शहरात दुसराही एक पूर येतो, त्याची चर्चा कमी होते. धरणातून थेंबभर पाणी सोडलेलं नसताना तासाभराच्या जोरदार पावसात दहीपूल आणि सराफ बाजाराचा भाग पाण्याखाली गेलेला नाशिककरांनी पाहिला आहे. तिथे जमिनीखाली सरस्वती नाला आहे. जुन्या गावातून वाहणारा हा नाला झाकला गेला, वर रस्ते आणि दुकानं आली. पाण्याची वाट तीच राहिली, फक्त ती दिसेनाशी झाली. आणि जी वाट दिसत नाही ती कुणी साफ करत नाही, तिची रुंदीही कुणी जपत नाही.

नासर्डी, वाघाडी, वालदेवी या गोदावरीला मिळणाऱ्या नद्या. त्यांची नावं तरी लोकांना माहीत असतात. त्यांना येऊन मिळणारे जे शेकडो ओढे शिवारातून वाहतात, ते कुठल्याच पूररेषेच्या नकाशावर नसतात. शहर आता नेमकं त्याच शिवारात पसरतं आहे. २०१७ मध्ये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं आणि हद्दीबाहेरच्या गावांचं नियोजन त्याच्याकडे गेलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये प्रादेशिक योजना, विकास योजना आणि नगररचना योजना अशा तीन पायऱ्या आहेत. प्रादेशिक योजनेच्या नकाशाचं प्रमाण असं असतं की त्यावर तीन मीटर रुंदीचा ओढा उठतच नाही. त्याचं भवितव्य ठरतं ते एकेका लेआउटच्या मंजुरीत, एकेका सात-बाऱ्यावर. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी.

जागा अशी: एकमेकांना लागून असलेले, एकाच भाऊबंदकीतल्या चौघांचे चार गट. नऊ, सात, पाच आणि चार एकर, मिळून पंचवीस एकर, म्हणजे सुमारे १० हेक्टर. पूर्वी द्राक्षबागा. मजुरी, औषधं आणि अवकाळी पाऊस यांनी बागा नकोशा झाल्या, मुलं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि पुण्याला गेली, आणि रिंग रोडची चर्चा सुरू होताच जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागलं. ओढा यातल्या दोनच गटांतून जातो. नऊ एकरवाले नाना हे घरातले थोरले. चार एकर त्यांच्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नीच्या नावावर. सगळे त्यांना धाकट्या वहिनी म्हणतात. उरलेल्या दोघांच्या जमिनीला ओढ्याचा स्पर्शही नाही.

वरच्या अंगाला एका विकसकाने आधीच जमीन घेऊन प्लॉट पाडायला सुरुवात केली होती. खालच्या अंगाला एक जुना बंधारा, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आणि ओढ्याकाठी तीसेक घरांची वस्ती.

अडचण

पहिला आराखडा एका वास्तुविशारदाने केला होता. त्यात ओढा सरळ करून गटांच्या हद्दीवर नेला होता, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा काँक्रीटच्या पेटीत घातला होता आणि वरून रस्ता काढला होता. कागदावर देखणं. प्लॉट चौकोनी, रस्ते काटकोनी, एक इंच वाया नाही.

आराखडा गावात कळला तसा खालच्या वस्तीतून विरोध झाला. ग्रामपंचायतीच्या बैठकीत वस्तीतल्या एका मावशींनी विचारलं, "आत्ताच पाणी उंबऱ्याशी येतं. तुम्ही पेटीतून सोडल्यावर ते पळत येणार. आम्ही कुठं पळायचं?" तो आराखडा करणाऱ्यांनी पुढे गणितं बरीच मांडली, पण प्रश्नाचा गाभा मावशींनी एका वाक्यात सांगून टाकला होता.

दुसरी अडचण कागदांची. सात-बाऱ्यावर ओढ्याची नोंदच नव्हती. पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून काही गुंठे लावलेले होते, एवढाच माग. फाळणीच्या नकाशातही ओढा नव्हता. जुना गावनकाशा काढला तेव्हा त्यावर ओढा ठसठशीत होता, दोन रेषांनी काढलेला, मध्यावर एका जुन्या वाटेला छेदून वळण घेत उत्तरेकडून आग्नेयेकडे जाणारा. जागेवर गेलं तर त्या वळणाच्या ठिकाणी बागेचे खांब आणि तारा. दोन पिढ्यांत बांध सरकत सरकत ओढ्याची नुसती चारी उरली होती. आखणीची पहिली पायरी म्हणून गावनकाशा आणि प्रत्यक्ष लेव्हल, म्हणजे जमिनीच्या मोजलेल्या उंच्या, एकावर एक ठेवून बघितल्या. जमिनीचा सगळ्यात खोल भाग आजच्या चारीत नव्हता, जुन्या नकाशातल्या वळणावरच होता. मोठा पाऊस झाला की पाणी तिथूनच जाणार होतं, चारी कुठेही खणलेली असो.

तिसरी आणि सगळ्यात अवघड अडचण नानांनी बोलून दाखवली. "ओढा माझ्या बांधातून जातो, म्हणून सगळ्या शिवाराचं पाणी मीच वागवायचं का? पाणी त्यांचं, जमीन माझी?" ओढा उघडा ठेवायचा आणि दोन्ही काठांना नियमाप्रमाणे अंतर सोडायचं, तर सुमारे अडीच एकरांचा पट्टा जात होता. दीड एकर नानांचा, एक एकर धाकट्या वहिनींचा. वहिनींच्या चार एकरांतला एक एकर, म्हणजे पाव हिस्सा. बाकीच्या दोघांचं काहीच जात नव्हतं. पर्यावरणाच्या नावाने एका घरातल्या विधवा बाईकडून पाव जमीन मागायची आणि तिच्या शेजाऱ्याला तोच ओढा बघायला मिळतो म्हणून प्लॉटचा भाव वाढवून द्यायचा, हे कुठल्याही न्यायात बसत नाही. ओढे बुजतात ते बहुतेक वेळा याच हिशोबापायी. लोकांना पाण्याचं प्रेम नसतं असं नाही. सगळ्यांच्या पाण्याचा भार दोन-चार गटांवर पडतो आणि ते गट तो अंगावरून उतरवायला बघतात.

पाण्याचं गणित

पर्याय तोलण्याआधी किती पाणी येणार हे मांडलं. ओढ्याचं पाणलोट या जागेपर्यंत सुमारे १२० हेक्टर भरतं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी, दहा हजार लिटर. तासाला ६० मिलिमीटर हा पावसाचा जोर धरला. शेतजमिनीवरच्या पावसातलं साधारण ३५ टक्के पाणी वाहून जातं असं मानलं, तर ओढ्याला सेकंदाला ७ घनमीटर पाणी येतं. हेच पाणलोट उद्या पूर्ण बांधलं गेलं, पत्रे, स्लॅब, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा ७५ टक्क्यांवर गेला, तर तोच पाऊस सेकंदाला १५ घनमीटर पाणी आणतो. पाऊस तेवढाच, पाणी दुपटीहून जास्त. हवामान बदलाचा मुद्दा इथे अजून आलेलाही नाही.

पहिल्या आराखड्यातली काँक्रीटची पेटी हे पाणी वाहून नेऊ शकत होती, हे मान्य करायला हवं. दोनशेला एक (दोनशे मीटरला एक मीटर) या उतारावर ती भरून वाहिली तर सेकंदाला २० घनमीटर जातात. पण पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो. आता दुसरा छेद, म्हणजे ओढ्याचा आडवा काप, घ्या. तळाला सहा मीटर, दोन्ही काठ दोनास एक उताराचे, दीड मीटर खोल, गवत आणि झुडपं असलेला मातीचा ओढा; वरची रुंदी बारा मीटर. हाही जवळपास तेवढंच पाणी नेतो, २० ते २२ घनमीटर, पण वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास. म्हणजे पाणी तेवढंच, पण निम्म्या वेगाने. वेग निम्मा झाला की वाहत्या पाण्याची झोडपण्याची ताकद चौथ्या हिश्शावर येते. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात होतं.

आणखी एक गोष्ट गणितात येत नाही. नाशिकची जमीन बेसाल्टची. वर काळी माती, खाली मुरूम, मग फुटलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीतून पाणी फारसं मुरत नाही. ती ओली झाली की फुगते आणि तोंड बंद करते. ओढ्याच्या तळात मात्र माती वाहून गेलेली असते आणि मुरूम उघडा पडलेला असतो. शिवारातलं भूजल भरण्याची खरी जागा तीच. तिथे काँक्रीट ओतलं की खालच्या विहिरींचा वरचा झराच बंद.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पेटीचा, वर आलाच. जमीन सगळ्यात जास्त वाचते, मंजुरीही ओळखीच्या वाटेने मिळते. पण पेटीत एकदा प्लास्टिक, गाद्या आणि फांद्या अडकल्या की आत उतरून काढणार कोण, हा प्रश्न दहीपुलाने नाशिकला कितीदा तरी विचारला आहे.

दुसरा, ओढा उघडा ठेवायचा पण हद्दीवर सरकवायचा आणि दगडी पिचिंग करायचं. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत यासाठी वाट आहे. ज्या छोट्या प्रवाहाला ठळक काठ उरलेले नाहीत, तो त्याच जमिनीत वळवता येतो. पाणी जमिनीत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा मात्र बदलायची नाही, आणि छेद प्राधिकरणाने ठरवून द्यायचा. या पर्यायाकडे दोन मालकांचा कल होता. आमचा विरोध लेव्हलमुळे होता. हद्दीवरची जमीन खोल भागापेक्षा उंच असल्याने तिथे कृत्रिम खोदाई करावी लागली असती, आणि पाणी तुंबलं की ते जुन्या वळणावरच्या घरांत गेलं असतं. नियमात बसतं म्हणून ते पाण्याला पटेलच असं नाही.

तिसरा, गावनकाशातल्या मूळ वाटेवर ओढा पुन्हा रुंद करायचा आणि लेआउट त्याच्याभोवती बसवायचा.

चौथा, काहीच न करता प्राधिकरणाकडून संपूर्ण शिवाराची नगररचना योजना होण्याची वाट पाहायची. तत्त्वाने हाच पर्याय सर्वांत बरोबर. नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन रस्ते, मोकळ्या जागा, ओढे आधी काढतात आणि मग प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात अंतिम भूखंड परत मिळतो. भार आपोआप वाटला जातो. पण मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरातल्या योजनेवरून शेतकऱ्यांत पडलेले दोन तट या चौघांनी जवळून पाहिले होते. वहिनींच्या मुलीचं शिक्षण तोंडावर होतं. कधी येईल ते सांगता न येणाऱ्या योजनेची वाट बघा, असं त्यांना सांगायला आम्ही धजावलो नाही, आणि सांगायला नकोच होतं.

निर्णय कसा झाला

निर्णय बैठकीत झाला नाही, शेतात झाला. ओढ्याची जुनी वाट आणि बारा मीटरची रुंदी फक्कीने जमिनीवर मारून घेतली. नकाशावर अडीच एकरांचा पट्टा राक्षसासारखा वाटत होता. पांढऱ्या रेषांच्या मध्ये उभं राहिल्यावर चौघांना दिसलं की निम्म्याहून जास्त भाग तसाही दर पावसाळ्यात ओला राहतो, आणि तिथली बाग नानांच्या वडिलांच्या काळातही कधी धड आली नव्हती. नाना स्वतःच म्हणाले, "इथं घर बांधणाऱ्याला मी फसवल्यासारखंच होईल."

मग मुख्य मुद्दा, भार कुणी घ्यायचा. चार वेगळ्या लेआउटऐवजी एकच एकत्रित लेआउट करायचा आणि ओढ्याचा पट्टा सगळ्यांच्या क्षेत्रातून प्रमाणात वजा धरायचा, असं सुचवलं. पंचवीस एकरांत अडीच, म्हणजे दहा टक्के. नानांचे ३६ गुंठे, दुसऱ्याचे २८, तिसऱ्याचे २०, वहिनींचे १६. वहिनींचा तोटा ४० गुंठ्यांवरून १६ वर आला. ज्यांच्या जमिनीला ओढा लागतच नव्हता ते दोघे पहिल्यांदा हबकले. त्यातल्या पाच एकरवाल्या अण्णांनी तर दोन आठवडे फोन उचलला नाही. ते वळले ते रस्त्यामुळे. एकट्याच्या गटाला पुरेशा रुंदीचा जोडरस्ता मिळत नव्हता. एकत्र आल्यावर तो मिळत होता, आणि त्यांच्या प्लॉटांचं पाणीही शेवटी त्याच ओढ्यात जाणार होतं. हे सारं नोंदणीकृत करारात बसवलं. भाऊबंदकीतला तोंडी शब्द पुढच्या पिढीत टिकत नाही.

ओपन स्पेसवर बराच खल झाला. नियमाप्रमाणे लेआउटच्या दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, इथे सुमारे एक हेक्टर. ती ओढ्याच्या काठाने लांब पट्टीसारखी सोडावी, असा मोह होतो. पण अरुंद लांबट पट्टी ओपन स्पेस म्हणून धरली जात नाही, लांबी-रुंदीला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा शहाणपणाचीच आहे. नाहीतर प्रत्येक विकसक उरलेल्या चिंधोट्या बाग म्हणून दाखवेल. म्हणून ओढ्याला टेकलेले तीन ऐसपैस तुकडे केले. त्यातला सगळ्यात खालचा, चार हजार चौरस मीटरचा, खेळाचं मैदान म्हणून धरला आणि सरासरी ६० सेंटिमीटर खोलगट केला.

या खोलगटपणामागे हिशोब आहे. आमच्या १० हेक्टरांवर घरं झाली की त्याच ६० मिलिमीटर पावसातलं ४० टक्के जास्त पाणी वाहून जाणार, म्हणजे तासाला २,४०० घनमीटर. मैदानात बरोबर तेवढंच मावतं. आपल्या लेआउटने वाढवलेलं पाणी एक तास आपल्याच अंगणात थांबवायचं आणि मग एका लहान पाईपातून सावकाश ओढ्यात सोडायचं. संपूर्ण पाणलोटाच्या वाढीव पाण्याला मात्र हे मैदान पुरणार नाही. सेकंदाला ८ घनमीटर जादा आले तर ते पाच मिनिटांत भरतं. खालच्या वस्तीला आम्ही हे स्पष्ट सांगितलं. तुमचा पूर आम्ही थांबवू शकत नाही, आमच्यामुळे तो वाढणार नाही एवढं बघू शकतो.

कार्यालयाने रास्त शंका काढली: खड्ड्याला मैदान कसं म्हणायचं? लहान मूल पडलं तर? म्हणून काठ सहास एक इतके सपाट केले, पाणी दिवसभरात उतरेल असा निचरा दाखवला आणि वर्षातले बहुतेक दिवस ते साधं गवताचं मैदानच असेल हे छेदांसकट मांडलं. मंजुरीला वेळ लागला, पण ज्या अधिकाऱ्यांनी फाईल बघितली त्यांनी जागेवर येऊन पाहिलं, आणि तिथून गाडी पुढे सरकली.

काय काम झालं

ओढ्याची खोदाई उन्हाळ्यात केली. काठांना पिचिंग फक्त बाहेरच्या वळणावर आणि पुलाखाली. बाकी माती आणि गवत. रस्ता ओलांडायला पाईप न घालता सपाट तळाचा स्लॅबचा पूल केला, म्हणजे ओढ्याचा तळ पुलाखालूनही अखंड राहतो. झाडांवरून थोडी ओढाताण झाली. प्लॉट विकणाऱ्यांना प्रवेशाशी पाम आणि गुलमोहर हवे होते. काठावर आम्ही वाळुंज, उंबर, जांभूळ, करंज आणि खाली निर्गुडी, वाळा यांचा आग्रह धरला. यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि पाण्यात उभं राहणं त्यांना सोसतं. प्रवेशाशी गुलमोहर आले. त्यावर भांडलो नाही.

सांडपाण्याचं काम अर्धवटच समाधानकारक झालं. या भागात गटारवाहिनी नाही. घरटी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हीच रीत, आणि काळ्या मातीत शोषखड्डा दोन वर्षांत चोंदतो. प्रत्येक शोषखड्डा मुरुमापर्यंत नेण्याची अट खरेदीखतात घातली. पण घर बांधणारा मिस्त्री खरेदीखत वाचत नाही.

काय निष्पन्न झालं

पहिल्या पावसाळ्यात ओढ्याने आपली वाट मानली. जोराच्या सरीत पाणी जुन्या वळणावरून गेलं, काठ एका ठिकाणी ढासळला, बाकी टिकला. मैदान भरलं आणि दुसऱ्या दिवशी रिकामं झालं. खालच्या बंधाऱ्यात पाणी आलं. गावाच्या विहिरीचं पाणी वाढलं असं लोक म्हणतात, पण त्या वर्षी पाऊसही चांगला होता. श्रेय कुणाचं ते एका वर्षात ठरत नाही.

अडचण वरून आली. वरच्या प्लॉटिंगमध्ये रस्त्याखाली बाराशे मिलिमीटरचे दोन पाईप टाकले होते. स्वच्छ असतील तर असे दोन पाईप या उताराला सेकंदाला साडेपाच घनमीटर पाणी नेतात. त्या हद्दीपर्यंतचं पाणलोट १०० हेक्टरांच्या आसपास, म्हणजे शेतं शेतंच असतानाचा प्रवाह सहाच्या जवळ. पाईप जन्मतःच अपुरे. त्यात एकाच्या तोंडाशी बागेच्या तारा आणि प्लास्टिक अडकलं. पाणी रस्त्यामागे तुंबलं, भरावावरून उसळलं आणि भरावातला मुरूम घेऊन खाली आलं. आमच्या मैदानावर टाचभर चिखल बसला. काढायला ट्रॅक्टर लावावे लागले, आणि तो खर्च कुणाचा यावर बरीच तणातणी झाली. असा गाळ ओढ्यातून नदीत आणि नदीतून थेट नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जातो. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि त्याचा तळ मात्र वरच्या शिवारातल्या अशा भरावांनी भरत असतो.

विक्रीचं म्हणाल तर ओढ्याकाठचे प्लॉट सुरुवातीला रेंगाळले. साप आणि डास, हे दोन प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारले. झाडं वर आल्यावर तेच प्लॉट आधी जाऊ लागले. चौघांपैकी कुणाचंही उत्पन्न पहिल्या आराखड्यात दाखवलं होतं तेवढं झालेलं नाही, हे खरं आहे. पण पेटीचा खर्चही वाचला, आणि पहिल्या आराखड्याच्या हिशोबात तो धरलेला नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

देखभालीचा निधी प्लॉट विकायच्या आधी उभा व्हायला हवा. इथे तो विक्रीनंतर, प्लॉटधारकांच्या संस्थेने गोळा करायचा असं ठरलं. संस्था व्हायला वेळ लागला आणि पहिल्या गाळाच्या वेळी तिजोरी रिकामी होती. ओझर भागात वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी चारीची दुरुस्ती, पाळी आणि पट्टी स्वतः सांभाळून दाखवली आहे. तेच घराणं जमीन विकून प्लॉटमालक झालं की ती सवय विसरतं, असं मला वाटत नाही. फक्त ओढ्याची जबाबदारी कागदावर कुणाचीच नसते. खरेदीखताबरोबरच प्रत्येक प्लॉटमागे ठराविक रक्कम आणि ओढा समिती, दोन्ही पक्कं करायला हवं होतं.

विहिरीच्या पातळीची नोंद काम सुरू व्हायच्या आधीच्या वर्षापासून ठेवायला हवी होती. दोरी, वजन आणि वही एवढंच त्याला लागतं.

वरच्या विकसकाशी बोलणी आमच्या मंजुरीच्या आधी व्हायला हवी होती. त्यांचा रस्ता अजून मुरुमाचाच होता तेव्हा पाईपाऐवजी स्लॅब घालायला फार जास्त खर्च आला नसता. पण इथेच एका लेआउटचा हात संपतो. शेजाऱ्याच्या पाईपाचा व्यास ठरवायचा अधिकार शेजाऱ्याला नसतो. हे काम प्राधिकरणाचं. पाणलोटनिहाय प्रत्येक ओढ्याचा एक तक्ता हवा: अमुक ठिकाणी तळाची रुंदी इतकी, पूर्ण बांधकाम झाल्यावरचा प्रवाह इतका, कुठल्याही रस्त्याखाली मोकळा छेद याहून लहान चालणार नाही. गावनकाशे आहेत, उपग्रहावरून लेव्हल मिळतात, पावसाच्या नोंदी आहेत. तो तक्ता प्रादेशिक योजनेला जोडला की प्रत्येक मंजुरीत तो आपोआप लागू होईल, आणि ज्याच्या गटातून ओढा जातो त्याला वाढीव चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन त्या पाणलोटातल्या सगळ्यांकडून भरपाई करता येईल. आमच्या चौघांत जे करारावर झालं, ते शिवारभर होण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहराभोवती रस्त्यांची मोठी कामं निघाली आहेत. प्रत्येक रस्ता डझनावारी ओढे ओलांडणार आहे, म्हणून हा तक्ता आत्ताच हवा.

आमच्या ओढ्यापुरतं सांगायचं तर वरच्या विकसकाकडे पाईप काढून सहा मीटर गाळ्याचा (दोन आधारांमधल्या मोकळ्या अंतराचा) स्लॅबचा पूल घालण्याचा प्रस्ताव दिला आहे. चौघा मालकांनी त्या खर्चातला वाटा उचलायची तयारी लेखी कळवली आहे. दरवर्षी मैदानातला गाळ उपसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, असा हिशोब अण्णांनीच मांडून दाखवला. विकसकाने पहिल्यांदा नकार दिला होता, आता त्यांनी अंदाजपत्रक मागवलं आहे.